सणसरच्या तिकाटण्यावरचा उतारा

बारामतीहून निघताना बहिणीनं मला तिची स्कूटर दिली, धपाट्यांचा डबा दिला आणि वर एक ताकीद दिली. "तिकाटण्यावर, तीन रस्ते मिळतात तिथं, भात-लिंबू दिसलं तर वळसा घाल. ओलांडू नकोस." माझी बहीण वकील आहे. कोर्टात पुराव्याशिवाय ती तोंड उघडत नाही, रस्त्यातल्या लिंबापुढं मात्र तिचा सगळा कायदा संपतो. मी पुण्यात शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे मी हसले आणि तिनं पुढे केलेला स्वेटरही न घेता निघाले.

जानेवारीची सकाळ होती. दोन्ही बाजूंना ऊस, कुठे उभा, कुठे नुकताच तुटलेला, आणि समोरून दोन-दोन ट्रॉल्या ओढत येणारे ट्रॅक्टर. बावड्याला माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा राहते, तिनं हुरड्याला बोलावलं होतं. गार वाऱ्यानं नाक लाल झालं होतं, पण मजा येत होती.

सणसरच्या तिकाटण्यावर एक ट्रॅक्टर वळला. त्याची मागची ट्रॉली अंगावर येतेय असं वाटून मी स्कूटर कडेला घेतली आणि चाक थेट एका पत्रावळीवरून गेलं. भात, कुंकू, कणकेचा विझलेला दिवा, सगळं चिरडलं. लिंबू फुटून सलवारीवर उडालं.

"ताई, थांबा जरा," चहाच्या टपरीवरचे म्हातारे गृहस्थ म्हणाले. "उतारा ओलांडला तुमी."

सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांनी तांब्याभर पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि बाकावर बसवलं. उतारा म्हणजे आजारी माणसावरून ओवाळून रस्त्यात ठेवलेला घास. आजार त्यात उतरतो आणि जो ओलांडेल त्याला लागतो, असं मानतात.

"कुणी ठेवला होता?"

"मंगलनं. त्या पल्याडच्या वस्तीवर ऱ्हाती. चार वर्साची पोर हाय तिची. आठ दिस झालं, ताप हटंना."

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"दाखवलं की. दोन सुया झाल्या, औषीद चालू हाय. त्ये बी आन् ह्ये बी."

"मग येऊ दे तो ताप माझ्यावर," मी ऐटीत म्हणाले. "पोरगी तरी बरी होईल."

तात्या हसले नाहीत. त्यांनी माझ्या चहात आलं जरा जास्तच ठेचून टाकलं.

इंदापुरात स्कूटर पंक्चर झाली. टायरमधून बाभळीचा काटा निघाला. उताऱ्याची हकिगत मी आधीच रंगवून सांगितली होती, म्हणून तो काटा पंक्चरवाल्याला मुद्दाम दाखवला. "काटा हाय खरा," तो शांतपणे म्हणाला, "पर आजच कसा घुसला?" शेजारच्या गुऱ्हाळात जाऊन मी बर्फ घातलेला उसाचा रस प्यायले, एकावर एक दोन ग्लास.

बावड्यात सुनंदाच्या शेतावर गोवऱ्यांची आगटी पेटवलेली होती. ज्वारीची कणसं त्यात भाजायची, तळहातावर चोळायची आणि कोवळे दाणे गरम गरम तोंडात टाकायचे, सोबत लसणाची चटणी आणि दही. सुनंदाच्या सासूबाईंना उताऱ्याचं कळलं तेव्हा त्यांनी मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या माझ्यावरून ओवाळून आगटीत टाकल्या. ठसका कुणालाच लागला नाही. "म्हंजी लई जबर हाय," त्या म्हणाल्या. मी आणखी दोन कणसं खाल्ली आणि दिवस मावळेपर्यंत उघड्यावर गप्पा मारत बसले.

सकाळी उठले तर घसा धरलेला, अंग कढत. कारणं हवी तेवढी होती. वारा होता, बर्फ होता, स्वेटर नव्हता. मी गोळी घेतली आणि सुनंदाला काही न सांगता परतीला निघाले.

सणसरला तात्यांनी लांबूनच हात केला. बाकावरून एक बाई उठली, तिशीतली, डोक्यावर पदर, हातात स्टीलचा डबा.

"ही मंगल," तात्या म्हणाले. "कालपास्नं तीनदा येऊन गेली."

"ताई, तुमाला काय झालं न्हाय ना?" तिनं विचारलं.

"मुलगी कशी आहे?"

"पहाटंपास्नं ताप न्हाय. भाकरी मागून खाल्ली." तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच उतरला. "म्हणून तर जीव ऱ्हाईना. माझा उतारा दुसऱ्याच्या लेकीला लागावा व्हय? ताप आसंल तर सांगा. तुमच्यावरनं उतरून घेती."

तिनं पदराची गाठ दाखवली. आत मीठ-मोहऱ्या होत्या.

"आणि मग ठेवणार कुठं?"

"रस्त्यात न्हाय ठेवायची आता. माझ्याच अंगावर घेती."

ताप कशानं येतो हे मी इतकी वर्षं मुलांना शिकवते. तिलाही समजावू शकले असते. पण मला त्या वेळी एकच भीती वाटत होती, ही माझ्या कपाळाला हात लावेल. तात्यांनी पुढे केलेला चहाचा ग्लास मी दोन्ही तळव्यांत घट्ट धरला.

मंगलनं माझा हात धरलाच. "हात तापल्यात की."

"चहाचा ग्लास आहे ना."

तिनं तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग किटलीकडे.

"आत्ताच उकळलाय," ते म्हणाले.

"मला काहीसुद्धा झालेलं नाही," मी म्हणाले. "ठणठणीत आहे."

तिनं मोठा श्वास सोडला. पदराची गाठ सोडून मीठ-मोहऱ्या चरीत झटकल्या आणि डबा माझ्या हातात दिला. गुळाची पोळी होती, एका बाजूनं कुरतडलेली. "पोरीनं तेवढी खाल्लीया," ती लाजून म्हणाली आणि भराभरा वस्तीकडे गेली.

बारामतीत बहिणीनं कपाळाला हात लावला आणि थर्मामीटर काढला. ताप शंभराच्या वर होता.

"काय ओलांडलंस?"

मग तिला सगळं सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि मीठ-मिरच्या घेऊन आली. एरवी मी हसत हसत बसून राहिले असते. त्या दिवशी मी तिचं मनगट धरलं.

"नको. राहू दे."

"तुझा तर विश्वास नाही ना?"

विश्वास नाहीच. ताप थंडीचा आणि बर्फाचा, याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्या पोरीनं आठ दिवसांनी भाकरी मागून खाल्ली होती.

"नाहीच," मी म्हणाले. "पण ओवाळू नकोस. माझ्याकडेच राहू दे तो."