बाया पाच शे

धुळ्यात देवपूरला कॉलेजच्या मागं पोरींचं एक होस्टेल आहे, नि त्या होस्टेलच्या मेसमध्ये आमची द्रौपदाबाई. आमची म्हणजे बठ्ठ्या, सगळ्या गल्लीची. माहेर सोनगीरचं. तिथं किल्ल्यावर चढून हाका मारायची सवय असावी, कारण आवाज असा की तिनं मेसमधून "वं मोहिनी" म्हटलं की पांझरा नदीपलीकडच्या चार मोहिन्या मागं वळून पाहतील.

अकरा वर्षं झाली तिला त्या सैपाकघरात. पाटी मात्र ठेकेदाराच्या नावाची. भाजी चांगली झाली की ठेकेदार मान डोलवायचा, नि मीठ जास्त झालं की लगेच, "द्रौपदाबाई, इकडं या!" ती हसायची. म्हणायची, "मीठ तेवढं मनं, भाजी त्याची." मनं म्हणजे माझं.

यंदा कळलं की परीक्षा झाल्यावर होस्टेलची बिल्डिंग पाडणार. मेस बंद. द्रौपदाबाई नि तिच्यासोबतच्या पाच बाया, सहाही जणी घरी बसणार. बाकीच्या रडल्या-बिडल्या. ही नाही रडली. तिची पोरगी प्रज्ञा कॉलेजात शिकते, तिनं मोबाईलवर जाहिरात काढली. धुळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं मोठं कॅन्टीन उघडणार होतं, त्याला इनचार्ज पाहिजे. कॅन्टीन चालवणारी कंपनी जळगावची. बायोडाटा मेलवर पाठवा म्हणे.

आता बायोडाटा म्हटलं की आपल्याकडं काय समजतात? शेजारची बेबाबाई, मेसमधल्या पाचांतलीच एक, दारातूनच ओरडली, "बायोडाटा? वं अक्का, आंडेर बिनलग्नाची घरमा, नि लगीन कोणं, तुनं?" आंडेर म्हणजे लेक.

द्रौपदाबाईचा नवरा पितांबर कांदा चिरत बसला होता. तो म्हणे, "चांगलं स्थळ उनं तं माले बी सांगजो. मी बी सुटसु."

"तू कांदा चीर," द्रौपदाबाई म्हणाली.

प्रज्ञानं मोबाईल समोर धरला. त्यात ते एआय असतं ना, आपण बोलायचं नि ते इंग्रजीत झ्याक लिहून देतं. प्रज्ञा म्हणाली, "आई, तुझ्या कामाचं सगळं सांग यात. फक्त मराठीत बोल."

"मी मराठीच बोलस ना!" असं म्हणून ती बोलायला लागली. कुकर शिट्ट्या मारतोय, बेबाबाई दारात हसतेय, नि ही घाईघाईनं सांगतेय. सोनगीरची, देवपूरची, मेसमधल्या पोरींकडून उचललेली पुस्तकी, सगळी बोली एकाच पातेल्यात. त्यात म्हणाली, "मना हाताखाल बाया पाच शेतस." पण शिट्टी झाली नि 'शेतस'मधलं 'तस' गिळलं गेलं. राहिलं काय? बाया पाच शे.

मशीन बिचारं. त्याला काय ठाऊक की खान्देशात 'शे' म्हणजे 'आहे'. त्यानं लिहिलं, पाचशे बायकांचं नेतृत्व केलं. प्रज्ञाची परीक्षा तोंडावर. तिनं कागद पाहिला, भलता देखणा होता, इंग्रजी झुळझुळ होती, नि दिला पाठवून. द्रौपदाबाईला मराठी सावकाश वाचता येतं, इंग्रजीचं नाव नाही. तिनं नुसतं मोबाईलच्या काचेवर आपलं नाव कुठं आहे ते विचारलं नि त्यावर बोट फिरवलं.

आठवडा गेला नसेल, जळगावहून फोन. भेटायला या.

जायच्या दिवशी तिनं इस्त्रीची साडी नेसली. गल्लीत सगळ्यांना "जयभीम, येते" करत निघाली. पितांबर सोबत गेला, पण ऑफिसच्या खाली चहाच्या गाडीवरच थांबला. "मी वर येसु तं मालेच नोकरी देतीन," म्हणे.

वर एक साहेब बसलेला, हितेंद्र नावाचा. पुण्याकडचा, बोलायला गोड. उठून उभा राहिला. म्हणाला, "या ताई, बसा. तुमचा बायोडाटा पाहून आम्ही सगळे थक्क झालो. पाचशे बायका सांभाळता? त्या अख्ख्या कारखान्यात एवढी माणसं नाहीत हो!"

द्रौपदाबाईला आधी समजलंच नाही. मग समजलं. समोर खुर्ची, वर पंखा, साहेब हसतोय. नुसती मान हलवायची होती. मान हलवली की इनचार्ज. नि इनचार्जच्या मागोमाग बेबाबाई, मोहिनी, पाचही जणींना काम. त्यांच्यासाठी तरी हलवावी, असं तिच्या मनात आलं. नाही कसं येणार? पण मग उद्या कोणी विचारलं, त्या पाचशे कुठल्या, तर कुठून आणणार होती ती?

"पाच," ती म्हणाली.

"पाचशे ना?"

"पाच, साहेब. पाचच. आमच्याकडं 'शे' म्हणजे आहे. पाच शे म्हणजे पाच आहेत."

"शे म्हणजे शंभर ना हो?"

"तुमच्याकडं शंभर. आमच्याकडं आहे."

साहेब हसू आवरत म्हणाला, "मग या कागदात अजून काय काय असं आहे?"

"वाचा," ती म्हणाली. "मी सांगते खरं का खोटं."

तो इंग्रजी वाचायचा नि मराठीत सांगायचा. "प्रचंड प्रेशरमध्ये काम करण्याचा अनुभव."

"कुकरचं म्हणत असेल. खरं."

"एका वेळी अनेक कामं हाताळते."

"ते कोणती बाई नाही हाताळत?"

"स्वयंपाकाची विलक्षण आवड."

इथं ती थांबली. "खोटं आहे ते," म्हणाली. "घरी आमचे हे करतात. मला आवड नाही, साहेब. काम आहे ते माझं. ते मी नीट करते."

हितेंद्र साहेबानं कागद खाली ठेवला. म्हणाला, "ताई, एक सांगतो. आमच्याकडं आलेले बायोडाटे आधी कॉम्प्युटर चाळतो. पाचशे बघून त्यानं तुमचा वर काढला. आता खरा आकडा लिहून परत पाठवावा लागेल, नि पाच बघून तो वर काढेल याची खात्री मी देत नाही."

बघा, एका यंत्रानं थाप मारली नि दुसऱ्यानं खरी मानली. मधे ही बाई.

"पाचच लिहून पाठवते," ती म्हणाली नि उठली.

घरी आल्यावर प्रज्ञाला कळलं तशी ती रडायलाच लागली. "आई, मी वाचायला पाहिजे होतं गं. माझ्यामुळं गेलं सगळं."

"गेलं कुठं? आण तो मोबाईल. आता कुकर बंद करून बोलू."

प्रज्ञानं त्या एआयला आधी बजावलं, माझी आई अहिराणी बोलते, तिच्या बोलण्यात 'शे' म्हणजे 'आहे', नि जे ती सांगेल त्याच्यावर स्वतःचं काही चढवू नको. ते लगेच माफी मागायला लागलं. द्रौपदाबाई खूश. "चूक कबूल तरी करस. ठेकेदारनं अकरा वरीसमा नही करी."

नि मग त्या मशीननं एक शहाणपणाचं केलं. उलट विचारलं, की तुमच्या पाच सहकारी नेमकं काय काय काम करतात? त्यातली एखादी आली नाही तर काय करता?

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ना ठेकेदारानं, ना पितांबरनं. ती सांगत गेली. मेसमध्ये एक रीत तिनं घातली होती. दर सोमवारी कामं फिरायची. जी पोळ्या लाटते ती पुढच्या आठवड्यात भांडी घासणार, जी भांडी घासते ती फोडणी देणार. बेबाबाई आली तेव्हा नुसती भांडेवाली म्हणून आली होती, लोक तिला चुलीजवळ येऊ द्यायला तयार नव्हते. आता तिच्या हातचं वरण नसलं तर पोरी तोंड वाकडं करतात. सगळ्यांना सगळं येतं, म्हणून कोणाचं बाळंतपण असो, मयत असो, एक दिवस पोरींचं ताट चुकलं नाही.

मशीननं हेच उचललं नि कागदाच्या पहिल्या ओळीत घातलं. प्रज्ञानं मराठीत वाचून दाखवलं. द्रौपदाबाईनं दोनदा वाचायला लावलं.

"आता त्या पाचही जणींची नावं लिही खाली."

"आई, दुसऱ्यांची नावं आपल्या बायोडाट्यात नसतात. हे एआय बी नको म्हणतंय."

"त्याला सांग, ही रीत एकटीनं चालत नाही. नावं लिही."

लिहिली. बेबाबाई पहिली.

दिवस गेले. कॉम्प्युटरनं या वेळी कागद काही वर काढला नाही. ते हितेंद्र साहेबानंच नंतर सांगितलं. त्यानं तो छापून घेतला नि हातात धरून मोठ्या साहेबाकडं नेला. म्हणाला, आपल्या दुसऱ्या कॅन्टीनांत एक आचारी रजेवर गेला की सगळं बंद पडतं, नि ही बाई बघा काय करते.

फोन आला तेव्हा द्रौपदाबाई मेसच्या मागं मेथी निवडत होती. पाचही जणी भोवती. स्पीकर चालू.

"ताई, पूर्ण कॅन्टीन एकदम नाही देता येत," साहेब म्हणाला. "पण सकाळच्या पाळीच्या इनचार्ज तुम्ही. पाटीवर नाव तुमचं. माणसं तुमची तुम्ही आणा. सोमवारपासून या."

बायांनी एकमेकींचे हात धरले. मोहिनी तर मेथीत बसूनच नाचायला लागली. द्रौपदाबाईनं बोट उचलून सगळ्यांना गप्प केलं.

"सोमवारी नाही जमणार, साहेब."

"का?"

"होस्टेलमधल्या पोरींची परीक्षा चालू आहे. पेपर संपेपर्यंत त्यांना कोण घालणार खायला? ताटावरून उठवत नाही मी कोणाला. पेपर संपले की दुसऱ्या दिवशी आम्ही सहाही जणी हजर."

बेबाबाईनं डोळे मिटून घेतले होते.

"बरं," साहेब म्हणाला. "पेपर संपल्यावर या."

पितांबर गॅसची टाकी घेऊन तेवढ्यात आला होता. त्यानं सगळं ऐकलं. म्हणाला, "तू साहेबले थांब म्हणनी?"

"मंग?" ती म्हणाली, नि मेथीची जुडी पुढं ओढली.