पंखवाल्या बैलाचा रंग

सौसरच्या खेळण्यांच्या दुकानदाराने मला फसवलं. संत्र्याचा धंदा मी शून्यातून उभा केला. झाडावरचा माल नुसत्या नजरेने जोखतो. आणि फसलो कुठे, तर वीतभर खेळण्यात.

गेल्या पोळ्याची गोष्ट. दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो, त्यात नातीला लाकडी बैल न्यायचा नव्हता. तिला पंख असलेला, आग ओकणारा प्राणी पाहिजे होता. "आबा, याला शिंगं आहेत ना? मग हा बैलच," ती म्हणाली. ती राखाडी मूर्ती आणि अ‍ॅक्रिलिक रंगाच्या बाटल्या मी घासाघीस करून घेतल्या, वर ब्रश फुकट काढला. निघताना विचारलं, "रंगाच्या आधी काही करा लागते का?"

"काहीच नाही काकाजी. सरळ रंग द्या."

पोळ्याच्या दुपारी ओसरीत बसलो. शिंगांवर रंग छान बसला. पंखांवर बसेचना. थेंब थेंब होऊन बाजूला सरकायचा, आणि जो वाळला तो सालीसारखा निघाला. बाटली तीच, ब्रश तोच. खांद्यांवर, पंखांवर पिवळट झाक होती, ती मला प्लास्टिकचीच वाटली. नात विचारत होती, "आबा, सकाळपर्यंत होईल ना?"

मी तडक सौसर गाठलं आणि दुकानदाराला चार लोकांत झापलं. त्याने मूर्तीवर बोट फिरवून वास घेतला.

"काकाजी, याला तूप कोणी लावलं?"

"मी व्यापारी आहे, हलवाई नाही."

"हळदपण आहे जी."

घरी येऊन विचारलं, तर बायको शांतपणे म्हणाली, "मी लावलं. काल बैलांचे खांदे शेकले ना. गोठ्यातल्या जोडीला लावलं, मग याला काहून सोडू? पोरगी बैल म्हणून राहिली."

"अवं, त्याला पंख आहेत."

"पंखाखाली खांदेच असते ना जी."

मूर्ती भांड्याच्या साबणाने धुतली, वाळवली, पुन्हा रंगवायला घेतली. सकाळपर्यंत एकच पंख लाल झाला. तान्ह्या पोळ्यात शेजारी म्हणाला, "दुसरा पंख भावात बसला नाही का जी?" सगळे हसले. नातीने राखाडी पंख हाताने झाकला आणि हात शेवटपर्यंत काढला नाही.

बायकोने रीत पाळली. रंग खराब नव्हता, शिंगं अजून चमकतात. मग चुकलं कोणाचं, हे मला आजही नीट कळत नाही. पण मी विचारलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी इकडे घराघरात तूप-हळद लावतात, हे सौसरात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं? 'आधी धुऊन घ्या' एवढं त्याच्या तोंडून का निघालं नाही? नातीने तो हात का ठेवला, ते मी त्याला सांगीन. पण आधी त्याने माझ्यासमोर येऊन याचं उत्तर द्यावं.