पांढरी दोरी सोड

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सासूबाई दारावर लिंबू-मिरची बांधतात त्यावरून आमचं अधूनमधून वाजतंच. मी सिव्हिल इंजिनीअर, साईटवर सेफ्टी बघते. काही झालं की त्याचं कारण शोधून काढायचं, हेच माझं काम. पण गेल्या वर्षी एका दुपारी जे झालं त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही... म्हणून लिहितेय. कुणाला सुचलं तर सांगा.

साईट कल्याणला, मोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सोळा मजली बिल्डिंग, बाहेरून रंगकाम चाललेलं. आमच्याकडे बंगाली, तेलुगू, भोजपुरी, ओडिया असं सगळं एकत्र नांदतं. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी हिंदीत (माझ्या डोंबिवलीच्या हिंदीत) दहा मिनिटं सूचना देते आणि शेवटी विचारते, "समझा?" सगळे एका सुरात, "हां मॅडम." त्या "हां"चं मला नेहमी टेन्शन यायचं. समजलं नाही म्हटलं तर कामावरून काढतील, या भीतीनं नवा माणूस कशालाही हां म्हणतो.

सुकरू तसाच. तिशीचा, ओडिशातल्या डोंगरांमधला, कुई ही तिथली आदिवासी भाषा बोलणारा. हिंदी शून्य. त्याच्या गावचा बिजय त्याला सगळं समजावून सांगायचा, पण कॉन्ट्रॅक्टरनं बिजयला ठाण्याच्या साईटवर हलवलं. मी दोनदा कुरकुर केली, मग गप्प बसले. ती माझी चूक, ती मी नाकारत नाही.

त्या दिवशी जेवायची सुट्टी झाली. सुकरूचा जोडीदार खिडकीतून आत गेला आणि झुल्यावर सुकरू एकटा राहिला. झुला म्हणजे रंगकामासाठी गच्चीवरून दोन तारांवर सोडलेला लांबट पाळणा. मी गच्चीवर होते. अचानक कर्रकन आवाज झाला. डाव्या बाजूची तार सरकली आणि झुला तिरका झाला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं... सुकरू पाच मजले खाली, अकराव्या मजल्याच्या उंचीवर, तिरक्या फळीला चिकटलेला.

त्याच्या कमरेच्या पट्ट्याचा हुक निळ्या दोरीत होता. ती त्याची लाईफलाईन, गच्चीवर पक्की बांधलेली. एका हाताला त्यानं पांढरी दोरी गुंडाळून घेतली होती. ती रंगाची बादली ओढायची. तिचं दुसरं टोक माझ्या पायाशी नुसतं पडलेलं होतं, कशालाच न बांधलेलं.

मुकादम भोईरदादा माझ्या शेजारी येऊन वाकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, यो हुक सोरतय."

खरंच होतं. खिडकी त्याच्यापासून हातभर लांब. पट्ट्यामुळे तिथवर पोचता येत नव्हतं म्हणून तो हुक काढून, पांढऱ्या दोरीच्या भरवशावर उडी मारणार होता. मी ओरडले, "सुकरू! हुक मत खोलो!" त्यानं वर पाहिलं, मान हलवली. "हां मॅडम." आणि पुन्हा हुकाशी झटायला लागला.

भोईरदादा चार माणसं घेऊन अकराव्या मजल्याकडे धावले. मी ओरडत राहिले, हात हलवत राहिले. बिजयला फोन लावला, उचलला नाही. शेवटी घसा पार बसला. मी कठड्याला टेकून मटकन खाली बसले. तिथून मला सुकरू दिसत नव्हता, त्याला मी दिसत नव्हते. तोंडावर हात ठेवून मी मराठीत पुटपुटत होते, आजारी लेकराच्या उशाशी बसून बोलावं तसं. "बाबा, पांढरी दोरी सोड. ती कशालाच बांधलेली नाही. निळी धर. बस खाली. तुला न्यायला येतायत." माझं मलाही धड ऐकू येत नव्हतं, खाली जनरेटर चालू होता.

पायाशी काहीतरी हललं. पांढऱ्या दोरीचं टोक सरसरत कठड्यावरून खाली गेलं.

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेला.

धीर करून उठले. सुकरू झुल्यावर खाली बसला होता. दोन्ही हातांनी निळी दोरी धरलेली, हुक जागच्या जागी. मान थोडी कलती करून तो कुणाचं तरी ऐकत होता आणि मधूनच काहीतरी उत्तर देत होता. भोईरदादांची माणसं खिडकीत पोचेपर्यंत तो जागचा हलला नाही. त्यांनी त्याला आत ओढला, तेव्हा मी गच्चीवर एकटीच लहान मुलीसारखी रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बिजय धावतपळत आला. मी त्याला सुकरूला विचारायला लावलं, दोरी का सोडलीस?

बिजय बराच वेळ ऐकत राहिला. मग माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत म्हणाला, "मॅडम, ये बोलता है आपने बोला. सफेद रस्सी किधर बँधा नहीं है, नीला पकड, बैठ जा, लेने आ रहे हैं. कुई में बोला. एकदम कान के पास. आप कुई कब सीखे?"

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'कामगाराने प्रसंगावधान राखले.' दुसरं काय लिहिणार? नवरा म्हणतो, दोरी हातातून निसटली असेल, बाकी योगायोग. असेल. पण मग ते शब्द? मी ते कुणालाच सांगितले नव्हते, बिजयलाही नाही. आणि बिजयला मराठीचं अक्षर कळत नाही. तो आता कायमचा आमच्याच साईटवर आहे, त्यासाठी मात्र मी ऑफिसात चांगली भांडले.

त्या संध्याकाळचं एक राहिलं. सुकरूनं गावी आईला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला. मी मराठीतच म्हणाले, "बरा आहे हो तो. आत्ताच जेवला."

पलीकडून त्या बाई काहीतरी बोलल्या. मला काही म्हणजे काही कळलं नाही. बिजयकडे पाहिलं.

"माँ बोल रही है," तो म्हणाला, "वो खा लिया ना, अब तू भी खा ले."

माझा डबा सकाळपासून तसाच पडून होता. तिथेच बसून मी तो उघडला.