ढमाजीच्या तोंडातलं भाषण

सुमावन्सं गेल्याचा फोन उमापूरहून आला तेव्हा मी बीडच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्यांचीच चित्रकथा पसरून बसले होते. फोन ठेवला, पेनाला टोपण घातलं, पानं क्रमाने लावली, आणि हे आपण काय करतो आहोत असं वाटून पुन्हा विस्कटली... आज पाच आठवडे झाले. कपाटं दोनदा आवरून झाली, तरी हातांना स्वस्थता नाही.

मुलांनो, तुम्ही त्यांना एकदाच भेटलात. तुमच्या आजोबांची ही धाकटी बहीण गावच्या शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर त्यांनी सहावी-सातवीच्या मुलांसाठी ढमाजी राक्षस काढला. माणसं खाण्याच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्यामुळे राक्षसांनी त्याला हाकललेलं, म्हणून तो सहावीच्या वर्गात येऊन बसतो. शाकाहारी, पण भूक राक्षसाचीच. पहिल्या भागात तो हजेरीपट खातो. दुसऱ्यात पाढ्यांना घाबरून शाळेच्या विहिरीत लपतो, आणि सतराचा पाढा म्हटल्याशिवाय विहीर त्याला बाहेर सोडत नाही. झेरॉक्स काढून टाचलेली ती पुस्तकं वर्गभर फिरत. परत येत तेव्हा कोपरे कुरतडलेले असत आणि त्याचा आळ ढमाजीवर जाई.

माझं काम अक्षरांचं. पात्रांच्या तोंडाजवळच्या फुग्यांत वन्सं पेन्सिलीने बोलणं लिहीत, मी ते शाईने वळणदार अक्षरात गिरवत असे. गिरवण्याआधी मी ते सुधारतही असे. ‘कावून’ खोडून ‘कशासाठी’, ‘न्हाई’ खोडून ‘नाही’. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवलेली. मुलांच्या हातात द्यायची तर भाषा नीट हवी, असं मला मनापासून वाटे. अडचण अशी, की फुगे वन्संनी आपल्या शब्दांच्या मापाने काढलेले असत. ‘कावून बे?’ मावेल एवढ्या जागेत ‘अरे, पण कशासाठी?’ कोंबताना माझं अक्षर मुंगीएवढं होई. एकदा त्या म्हणाल्या, “वैनी, तुमी लई शिकल्या. पर ढमाजी सहावीतच हाय.” मी म्हटलं, “म्हणून तर त्याला शिकवायचं.” त्या हसल्या, आणि पुढच्या भागात फुगे जरा मोठे काढले. ते माझ्यासाठी होते, हे मला आत्ता कळतं आहे.

तिसरा भाग शेवटचा. दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो, आणि ढमाजीला करमेना म्हणून तोही त्यांच्या ट्रकमध्ये चढतो. एका सकाळी तो उसाचा सगळा फड एकटाच खाऊन टाकतो. तोडायला काही उरलंच नाही, म्हणून पोरं परीक्षेआधी गावी परततात. शेवटच्या चित्रात तो शाळेच्या पायरीवर बसला आहे, आणि तोंडाजवळ फक्त लिंबाएवढा फुगा. त्यातलं पेन्सिलीचं अक्षर मला गिचमिड वाटलं. ते न वाचताच मी खोडलं आणि शाईने लिहिलं, ‘मुलांनो, शिक्षण हेच खरे धन.’ शेवटचे दोन शब्द फुग्याबाहेर गेले.

ते पान दाखवायला मी उमापूरला गेले, तीच शेवटची भेट. वन्संना बोलताना धाप लागत होती. पान डोळ्यांजवळ धरून त्यांनी ढमाजीच्या फुग्यावर बोट ठेवलं.

“ह्येच्या तोंडात भाषण घातलं का, वैनी?”

“मग इथे काय होतं?”

“तुमीच खोडलं न्हवं? आता तुमीच आठवा.”

त्या रागावल्या नव्हत्या. मला वाटलं, पुढच्या खेपेला विचारू... चौथ्या दिवशी फोन आला.

तेव्हापासून मी तो एवढासा फुगा भरते आहे. पान उजेडाला धरून पाहिलं, भिंगाने पाहिलं. वहीत क्रमांक घालून चाळीस वाक्यं लिहिली. त्यातलं एकही ढमाजीचं नव्हतं. शाळेतली मुलं पुस्तकाची वाट बघत होती. वन्संच्या शेवटच्या पानावर माझं भाषण मी त्यांना देणार नव्हते, आणि त्यांचा शब्द तर मीच पुसला होता.

गेल्या आठवड्यात न राहवून ते पान घेऊन मी वन्संच्या शाळेत गेले. फुग्यावर कोरा कागद चिकटवला, सहावीच्या वर्गाला गोष्ट सांगितली आणि विचारलं, हा इथे काय म्हणत असेल? नुकतीच फडावरून परतलेली एक मुलगी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू एवढं साधं मला कसं कळत नाही.

“काय म्हनंल? आख्खा फड खाल्लाय त्यानं.”

“म्हणून?”

“आजी, ढेकर देतोय त्यो.”

मागच्या बाकावरून कुणीतरी तो काढून दाखवला, मग सगळ्या वर्गाने.

घरी येऊन मी माझ्या वाक्यावर व्हाइटनर लावला आणि वाळू दिला. ढेकर शुद्ध कसा लिहायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही. वन्सं आमच्याकडे जेवल्या की तोंडाला पदर न लावता खणखणीत ढेकर देत, पाहुणे असले तरी. मी दरवेळी घाईने पाण्याचा पेला पुढे करत असे, आणि त्या पाणी पिऊन दुसरा देत. खोडलेलं अक्षर हेच होतं का, ते आता विचारता यायचं नाही. पण तो आवाज मला पाठ आहे. ऐकू आला तसा उतरवला, ‘अऽब्ब’. फुग्यात बरोबर बसला.