पूजेला बसवलेली पेटी

कामाक्षीबाईंनी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. आता तंजावरच्या मेलवीथीतल्या घरात त्या एकट्याच होत्या. मुलगी साईप्रिया जर्मनीला. जाण्यापूर्वी तिनं एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून पेटी करून ठेवली होती. इंटरनेटची तार त्या पेटीत शिरायची आणि घरातला टॅब्लेट तिच्यातूनच बाहेरच्या जगाशी बोलायचा. "साधा राउटर आणा हो," असं सांगून शेजारचे वेंकटराव थकले. "लेकीनं केलंय," एवढंच बाई म्हणायच्या.

म्हणूनच सरस्वतीपूजेला पुस्तकं, विळी, शिवणयंत्र यांच्या ओळीत त्यांनी पेटीही बंद करून मांडली, गंध-कुंकू लावलं. विजयादशमीला उचलून परत जोडली, तर टॅब्लेटवर काही येईना. रोज दुपारी त्यावर साईप्रिया दिसायची. "जेवलीस ना? ठेवते," इतकंच बोलायची. पण तेवढंही चुकलं की बाईंचा जीव टांगणीला लागे.

त्यांनी साधा फोन लावला.

"अय्यो अम्मा! पुन्हा पूजेला बसवलीस?"

"सगळ्यांची आयुधं देवीपुढे, तुझंच नको का?"

"बरं. पेटीवरून बाहेर पिंग कर, हाकेला उत्तर येतं का बघ."

"उत्तर येतंय. खोकला गेला का गं तुझा?"

"गेला. टॅब्लेटवरून?"

"उत्तर नाही. औषध घेतलंस, की आपोआप गेला?"

साईप्रिया हसली. औषधाचं सांगता सांगता नव्या घराचं निघालं, तिथून वरच्या मजल्यावरच्या खडूस म्हातारीचं. बाई ऐकत राहिल्या. मग लेकीलाच आठवण झाली.

"बाहेरच्या तारेवर टीसीपीडंप लाव, तिथून जाणारं सगळं दिसेल. जाणाऱ्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता कुणाचा दिसतो?"

"टॅब्लेटचाच."

"तिथंच चुकतंय. तो घरातल्या घरात चालणारा पत्ता. तसे पत्ते घरोघरी असतात, मग उत्तर येणार कुणाकडे? पेटीनं बाहेर सोडताना स्वतःचा पत्ता घालायला हवा. तो नियमच उडालाय. आता लिही, आयपीटेबल्स..."

तिचं सांगणं संपायच्या आत बाईंनी मास्करेडची, म्हणजे पेटीचा पत्ता घालायच्या त्याच नियमाची, अख्खी ओळ टाइप करून एंटर दाबलं होतं. टॅब्लेट टिंगटिंग वाजू लागला.

"तुला पाठ आहे!" साईप्रिया म्हणाली. "मग मला कशाला विचारतेस? आणि दरवर्षी सांगते, नियम सेव्ह कर, मग पेटी बंद केली तरी जात नाही. केलास का कधी?"

"नाही."

"का पण?"

"टॅब्लेटवर तू लगेच 'ठेवते' म्हणतेस," बाई म्हणाल्या. "पेटी बिघडली की बोलतेस."

 

"सेव्ह कर, अम्मा," साईप्रिया हळूच म्हणाली. "मी तशीही फोन करीन."

"उद्या फोन कर कण्णा," बाई लाडानं म्हणाल्या. "मग सेव्ह करते."