आठ दिवे आणि एक लाल

कारखान्यात त्यांना सगळे ‘डोळा’ म्हणत. बॉयलरच्या खोलीत एकतीस वर्षं काढल्यावर त्यांच्या कानांनी केव्हाच राम म्हटला होता, पण पॅनेलवरचा एकही दिवा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. हिरवा असेल तर ठीक, पिवळा असेल तर लक्ष ठेवायचं, आणि लाल लुकलुकायला लागला की आधी बंद करायचं, विचार मागाहून. या शेवटच्या सवयीने एकदा सहा माणसांचे जीव वाचवले होते.

त्यांची एकुलती एक लेक नाटकांना संगीत द्यायची. मागच्या खोलीत तिची एक लाकडी पेटी होती. पेटीत ओळीने बसवलेले पत्रे, त्यावर खुंट्या आणि बटणं, आणि सगळीकडून लोंबणाऱ्या रंगीत वायरी. मधल्या भागाला ती सिक्वेन्सर म्हणायची. त्यात एकामागून एक सूर ठरवून द्यायचे, मग यंत्र तेच फिरून फिरून वाजवत बसतं. डोळा तिला चिडवायचे, की तुझ्या या टेलिफोन एक्स्चेंजवर कधी कुणाचा फोन लागतो का? ती हसायची. तिचं हसू त्यांना दिसायचं, ऐकू येऊन बरीच वर्षं झाली होती.

तिला रक्ताचा आजार जडला. शेवटचे दोन महिने ती घरीच होती, बसवेल तेवढा वेळ पेटीसमोर बसायची. ज्या दिवशी तिला हॉस्पिटलात हलवलं, त्या दिवशी स्ट्रेचरवाल्यांना वाट दाखवायला बायको खाली गेली होती आणि खोलीत बाप-लेक दोघंच होती. लेकीने पेटीकडे बोट दाखवलं आणि काहीतरी सांगितलं. एरवी ते तिच्या ओठांवरून सगळं ओळखायचे, पण ओठांवर ऑक्सिजनचा मास्क होता. “हो बाळा, हो,” असं म्हणून त्यांनी मान डोलावली. न ऐकू आलेल्या गोष्टींना मान डोलवायची त्यांना सवयच झाली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पेटी चालूच होती. बायको रोज तिथे जाऊन बसायची, स्पीकरशी डोकं टेकून. ते दारातून बघायचे. आठ दिव्यांची रांग, त्यावरून उजेड डावीकडून उजवीकडे सरकत जायचा, टोकाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून.

सहाव्या दिवशी बायको मृत्यूचा दाखला आणायला कचेरीत गेली. लेक गेल्यापासून ते पहिल्यांदाच खोलीत आत गेले, खुर्चीवर बसले, आणि कोपऱ्यातला बारीक लाल दिवा त्यांना दिसला. लुकलुकत होता. पेटीला हात लावून पाहिला तर चांगलीच तापलेली. पुढचं त्यांच्या हातानेच केलं, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. खटका खाली पडला आणि सगळे दिवे विझले.

बायको परतली ती दारातच थबकली. मग आत येऊन तिने खटका वर केला. दिवे लागले, पण उजेड वेगळ्याच चालीने पळायला लागला. ती घटकाभर ऐकत राहिली. मग बंद करून त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, “हे ते नाही.”

एखादी वायर सुटली असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. तरी चैन पडेना. समोर दिवे आहेत आणि त्यांचा अर्थ माहीत नाही, असं त्यांच्या जन्मात झालं नव्हतं. शेवटी त्यांनी लेकीच्या मैत्रिणीला मोबाइलवर निरोप लिहिला. दोघी एकत्र वाजवायच्या. ती दोन आठवड्यांनी आली, त्यांच्या समोर तोंड करून बसली आणि सावकाश सांगत गेली. ते वहीत लिहीत गेले. एक दिवा म्हणजे एका सुराचं घर. सरकणारा उजेड दाखवतो, सध्या कुठला सूर चालू आहे ते. हिरवा लागलेला असेल तर तिथे सूर वाजणार. विझलेला असेल तर ती जागा मोकळी. नारिंगी असेल तर सूर पुढच्या घरापर्यंत लांबणार.

“आणि हा कोपऱ्यातला लाल? लुकलुकतो तो?”

तिने एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं. म्हणाली, की नवीन काही वाजवलंय पण मेमरीत अजून ठेवलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

“तेव्हा बंद केलं तर?”

“मग ते जातं, काका. मागचं ठेवलेलं असेल ते परत येतं.”

त्यांनी वही मिटली. मास्कच्या आड लेक काय सांगत होती, ते त्यांना आत्ता ऐकू आलं.

बायको आतल्या खोलीत कपडे इस्त्री करत होती. त्यांनी जाऊन सांगितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

“मला त्याच दिवशी कळलं. तिच्या या मैत्रिणीला फोन करून विचारलं होतं मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“दोघांनी कशाला झुरायचं? मी एकटी पुरे होते.” आणि मग, त्यांना ओठ नीट दिसावेत अशी मान वर करून, “पण तुमच्याकडे बघवत नव्हतं मला. ताट वाढतानासुद्धा.”

ती मान खाली घालून वाढते हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. दुःखाने असेल, असं ते समजले होते.

मैत्रीण म्हणाली, काकूंना चाल आठवत असेल तर पुन्हा बसवून बघू. तिघं पेटीसमोर बसली. बायको गुणगुणायची, मैत्रीण खुंटी फिरवायची, बायको हाताने वर किंवा खाली दाखवायची. कुठले दिवे हिरवे होते आणि कुठला विझलेला, हे त्यांना पक्कं आठवत होतं, ते त्यांनी सांगितलं. पाच घरं जमली. उरलेल्या तीन घरांपाशी दुपार सरली. जितक्या वेळा वाजवलं तितकी बायको गोंधळत गेली, आणि शेवटी तिने कानांवर हात ठेवले. “पुरे. आता मला खरं कुठलं तेच कळेना.”

पेटी तिने मैत्रिणीलाच देऊन टाकली. तीन जिने त्यांनी ती स्वतः उतरवली, कुणाला हात लावू दिला नाही.

इतके दिवस भांडी घासताना बायको ओठ मिटून लेकीची ती चाल घोळवायची. त्यांना ते तिच्या गळ्याच्या हालचालीवरून कळायचं. पेटी गेल्यावर काही दिवस ते रोज बघत राहिले. गळा हलला नाही.