एकुलत्या एकाचे वेगळे देव

सोनूबाईची ओसरी आज सकाळी अर्धीच सारवून राहिली. दारापासून तुळशीपर्यंत ओलं होतं, जात्याकडची बाजू अजून धुळकट. तिचा हात बादलीतल्या शेणात तसाच, आणि ती समोर उभ्या असलेल्या उषाकडे नुसती बघत होती. देवपूजा उरकून मी तिला नैवेद्याची साखर द्यायला गेले होते. वाटी माझ्या हातातच राहिली.

उषा म्हणजे आमच्या शेजारच्या झुंबरबाईची लेक. नगरकडे, कालव्याच्या गावात दिलेली. सोनूबाईचा एकुलता एक मुलगा काकासाहेब त्याच गावात साखर कारखान्यात आहे. यंदा नागपंचमीला तो बायको आणि लेकराला घेऊन कायमचा परत येणार, असं सोनूबाई धरून चालली होती. सारवण त्याच्यासाठीच चाललं होतं.

"मावशी, काका न्हाई येऊन राह्यला," उषा म्हणाली. "जागा घेतली त्यानं तिकडं. घर बांधून राह्यलाय. वास्तूला देव पाह्यजेत म्हणला. तुमच्या देव्हाऱ्यातले टाक मागितलेत. मी जाताना नेऊ का?"

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुळाचे देव. सोनूबाईचा खंडोबा आणि भवानी तिच्या सासऱ्याच्याही आधीचे. त्यांचे नाकडोळे पुसून पुसून गेलेत, पण रोज आंघोळ घातल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नाही. देव जातील तिकडे घर जातं, हे आम्हा बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

जालन्याकडच्या आमच्या या टेंभुर्णीत तिला सगळे पाठराखीण म्हणूनच ओळखतात. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबत एक जाणती बाई जाते, पाच दिवस राहून परत येते. नवरा गेल्यावर सोनूबाई हे काम करू लागली. पूर्वी पोरी जवळपासच्याच गावांत पडायच्या, बैलगाडीनं जाऊन यायची. बहात्तरच्या दुष्काळानंतर ज्याला त्याला लेक कालव्याकडेच द्यायची झाली. एस.टी.नं दिवसभराचा रस्ता. परत आली की आम्ही तिच्याभोवती बसायचो. ती सांगायची, तिकडं उसातून वाट सापडत नाही, शाळेत पोरं मावत नाहीत म्हणून झाडाखाली वर्ग भरतो, गावाला नवं गाव जुडून राह्यलंय. आमच्या गल्लीत पाळणे काही कमी हलत नाहीत. पण पाळण्यातलं पोर मिसरूड फुटलं की तिकडचीच गाडी धरतं. इथून पोरी गेल्या, मागोमाग पोरं गेली. तिकडून इकडे मात्र एकही नवरी आली नाही. काकासाहेब सत्तावीस वर्षांचा झाला तरी त्याला मुलगी मिळेना.

उषाला पोचवायला गेली तेव्हा सोनूबाईनं उषाच्या सासरच्या नात्यातली कांता हेरली. मुलीचे वडील अण्णासाहेब घर बघायला येतो म्हणाले. आले ते नेमके चैत्रात. आड कोरडा, टँकर एक दिवसाआड. मग गल्लीतल्या आम्ही सगळ्यांनी आपापली भरलेली घागर तिच्या ओसरीवर नेऊन ठेवली. ओळीनं मांडल्यावर आम्हालाच बरं वाटलं.

अण्णासाहेब माणूस सरळ. हातपाय धुतले, चूळ भरली, आणि तुळस मान टाकून उभी दिसली. "अरेरे, एवढं पाणी आणि तुळस सुकली का हो?" म्हणून त्यांनी एक घागर उचलून तुळशीला घातली. उरलं ते दारातल्या लिंबाच्या आळ्यात. मग दुसरी उचलली. देवाच्या झाडाला पाणी घालणाऱ्याला अडवायचं कसं? आम्ही भिंतीला चिकटून गप्प. झुंबरबाईला मात्र राहवलं नाही.

"ओ पाव्हणं! ती माही घागर हाय! उद्यापस्तोर तेवढंच पाणी हाय घरात!"

अण्णासाहेबांनी घागर खाली ठेवली. ओळीवरून नजर फिरवली, मग आमच्यावरून. कुणाची कुठली ते त्यांना समजलं. ओशाळे झाले बिचारे. चहा घेतला आणि जाताना सोनूबाईला म्हणाले, "बाई, इथं पोरगी देणं माझ्यानं होणार नाही. पण मुलगा मला आवडला. त्याला तिकडं पाठवा. कामाला लावतो, लग्नही लावून देतो."

सोनूबाईनं त्या दिवशी भाकरी केली नाही. दोन दिवसांनी तिनं स्वतःच काकासाहेबाची पिशवी भरली. कांताशी लग्न तिकडेच झालं, आणि मागं ती पाच दिवस राहून आली. गल्लीतल्या बायकांनी टोमणा मारलाच, "नवरदेवाची पाठराखीण आजवर ऐकली नव्हती बाई!" तीही हसली. "पोरगं जरा रडलं, मंग रमलं," म्हणाली. पोरींबद्दल ती नेहमी सांगायची, त्याच शब्दांत. पाऊसपाणी सुधारलं की येतो, असं काकासाहेब म्हणाला होता. त्या एका वाक्यावर तिनं तीन वर्षं काढली. पावसाळेही बरे गेले.

आणि आज हा निरोप. सोनूबाईनं हात धुतले, पदराला पुसले.

"देव न्हाई जायचे, उषा. त्याला नवे घडवून देते."

"मावशी, असं कुठं असतं का? वेगळे निघालेले भाऊ नवे देव घडवतात. एकुलत्या एकाचे कुणी करतं का?"

"तो निघालाच की वेगळा."

"कुणापासून? भाऊ न्हाई त्याला."

"मी हाय ना इथं."

"मंग तुम्हीच का न्हाई येत तिकडं? काकाचं तेच म्हणणं हाय."

"पाचाच्या वर सहावा दिवस मी कुण्या घरी राह्यले का कधी?" सोनूबाई म्हणाली, आणि आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत जोडवी होती, नवरा गेला त्या दिवशी उतरवलेली. चांदी पुरेल का, असं तिनं मला विचारलं. मी पुरेल म्हटलं. नैवेद्याची साखर तेव्हा कुठे तिच्या हातावर ठेवली.

उषा गेल्यावर ती पुन्हा बादलीपाशी बसली. मी म्हटलं, "आता कशाला, सोनूबाई? कोण येणार हाय?"

"मंग अर्धी ठेवू का?"

जात्याकडची बाजूही तिनं सारवून काढली. मी उंबऱ्यावर बसून होते.

उद्या सकाळच्या एस.टी.नं ती जालन्याला जाणार आहे, मस्तगडच्या सोनाराकडे, खंडोबाचा आणि भवानीचा टाक घडवायला द्यायला.